नाही म्हणण्याचा पगार

पहाटे ५:३०

उठल्याबरोबर मी यादी बघते: रात्री कोण बोललं, कोण गप्प राहिलं. बुटीबोरीच्या भोवती, टाकळघाटाच्या बाजूला आणि खाली बोरखेडीकडे, पाण्याच्या टाक्यांवर, विहिरीवरच्या मोटारींपाशी, शेतांच्या कुंपणांवर आमचे छोटे रेडिओ बसलेले आहेत. तळहातात मावेल असा बोर्ड, एक लिथियम सेल, वीतभर अँटेना आणि वहीच्या पानाएवढं सोलर पॅनल. सिम नाही, रिचार्ज नाही. एकाचं बोलणं दुसरा ऐकतो, तो तिसऱ्याला सांगतो, आणि असं हातोहात ते माझ्या गच्चीवरच्या रेडिओपर्यंत येतं. काही घडो न घडो, दर अर्ध्या तासाने प्रत्येकाने ‘मी आहे’ एवढं कळवायचं, असा नियम आहे.

लोकांना वाटतं की रेडिओ बसवायचे ते बातमी यावी म्हणून. माझा अर्धा जीव न आलेल्या बातमीत असतो. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातलं माळीण डोंगराखाली गेलं, तेव्हा गावातून कोणाचाही निरोप बाहेर आला नाही. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही, तेव्हा कुठे जगाला कळलं. तिथे रेडिओ असता तर माणसं वाचली असती असं मी म्हणणार नाही. पण गाव गप्प झालं हे कळायला एसटीची वाट बघावी लागली नसती.

आज यादीत एकच मुका आहे: संत्र्याच्या बागेतला, रात्री दोनपासून. गप्प का झाला, हे मात्र यादी सांगत नाही. सेल संपला असेल, रानडुकरांनी खांब पाडला असेल, कोणी उचलून नेला असेल. दुपारनंतर तिकडे जायचं ठरवते, कारण उन्हाच्या आधी टाकीवर चढणं भाग आहे. मृग लागलाय, पण पारा अजून बेचाळीसच्या खाली यायला तयार नाही.

सकाळी ७:००

बुटीबोरी चौक. इथून एक रस्ता वर्ध्याला फुटतो, दुसरा हैदराबादकडे जातो. पहिल्या पाळीच्या बसेस एमआयडीसीत रिकाम्या होत असतात आणि रात्रपाळीवाले तर्री पोह्याच्या गाडीवर उभे असतात. मावसभाऊ माझा मदतनीस. चढायची कामं त्याची, हिशेबाची माझी. गाडीवाले काका रोज एकच प्रश्न विचारतात, “ताई, इथं त मोबाईलची फुल रेंज हाय. हे कायले पाह्यजे?”

प्रश्न रास्त आहे. चौकात उभं राहून बोलायचं असेल तर याची काही गरज नाही, आणि तसं मी गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत सांगते. विहिरीवर मोबाईल स्टार्टर आहे, त्याचा रिचार्ज वेळेवर होतो, तिथे रेंज आहे: मग माझा रेडिओ घेऊ नका. गरज पडते ती एकाच मालकाच्या वीस-पंचवीस जागांवर, जिथे प्रत्येक ठिकाणी सिम टाकलं तर रिचार्जच पिकाहून महाग पडतो. नाहीतर नाल्याच्या उतारावर, जिथे फोन हात वर करून धरावा लागतो.

हा रेडिओ तसा दुबळा आहे. आमच्या बोर्डांची शक्ती जास्तीत जास्त १६० मिलिवॅट, म्हणजे वॅटचा सहावा हिस्सा. तरी तो किलोमीटर-किलोमीटर पोचतो याचं कारण लोरा नावाची पद्धत. ग्रेनोबलच्या सायक्लिओ या छोट्या फ्रेंच कंपनीने ती काढली आणि २०१२ मध्ये अमेरिकेच्या सेमटेकने ती कंपनी विकत घेतली. बहिऱ्या आजोबांशी बोलताना शहाणा माणूस ओरडत नाही, एकेक शब्द लांबवून, सावकाश बोलतो. लोरा तेच करतं. प्रत्येक चिन्ह एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाणाऱ्या सुरासारखं लांबवलं जातं, आणि घेणारा ते गोंगाटाच्या पातळीच्या २० डेसिबल खालूनही ओळखतो. सावकाशीची किंमत पुढे मोजावी लागते. ती मोजायचा कार्यक्रम आज साडेदहाला आहे.

सकाळी ८:००

पाण्याची उंच टाकी. परवानगीचं पत्र खिशात, किल्ली चौकीदाराकडे, आणि चौकीदार आंघोळीला. टाकीवरचा रेडिओ आमच्या सगळ्या जाळ्याचा कणा आहे, म्हणून त्याची तपासणी पावसाआधी.

नव्या गिऱ्हाइकांचा हट्ट असतो: जास्त पॉवरचा द्या. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट करायचं तर शक्ती चौपट लागते, आणि जमिनीलगत, झाडाझुडपांतून, जवळजवळ सोळापट. त्यापेक्षा बांबू वाढवा. आमच्या ८६६ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३५ सेंटीमीटरच्या आसपास. पाच किलोमीटरच्या दोन टोकांमध्ये सरळ नजर पोचते म्हणून भागत नाही. मधोमध त्या रेषेच्या भोवती सुमारे २० मीटर त्रिज्येचा पट्टा लहरीला लागतो आणि त्यातला निम्म्याहून जास्त मोकळा हवा. म्हणून माणसाच्या उंचीवर लावलेला रेडिओ एक-दीड किलोमीटरवर दमतो, आणि तोच टाकीवर नेला की बोरखेडीपलीकडचं ऐकतो.

२०१७ मध्ये नेदरलँड्सच्या एका हौशी माणसाने फुग्याला टांगलेल्या लोरा यंत्राचा निरोप ७०२ किलोमीटरवर पोलंडमध्ये पकडला गेला. शक्ती फक्त २५ मिलिवॅट. विक्रेत्यांच्या पत्रकांत हा आकडा ठळक असतो. फुगा तेव्हा जमिनीपासून जवळपास ३८ किलोमीटर वर होता, हे बारीक अक्षरातही नसतं.

मावसभाऊ वरून ओरडतो, “ताई, गोंगाट वाढला वाटते.” अँटेनाचं तोंड बोरखेडीच्या टोल नाक्याकडे उघडं आहे. तिथले फास्टॅग वाचणारे रीडर नेमके आमच्याच पट्ट्यात बोलतात आणि आमच्याहून कितीतरी मोठ्याने. पट्टा मोकळा आहे याचा अर्थ तो रिकामा आहे असा नाही. परवाना कोणालाच लागत नाही म्हणून सगळेच तिथे आहेत, आणि तक्रार करायला खिडकी नाही. अँटेना टाकीच्या दुसऱ्या कडेला, कठड्याच्या आडोशाला सरकवतो. गोंगाट उतरतो. वीजरोधकाची पट्टी घट्ट करून नऊच्या आत खाली.

सकाळी १०:३०

एमआयडीसीतला एक कारखाना, नाव राहू द्या. सेफ्टी ऑफिसर, मेंटेनन्सचे साहेब, आणि खरेदी विभागातले एक गृहस्थ, ज्यांच्यासमोर कोणाचं तरी कमी दराचं पत्रक उघडं आहे. चहा येतो, प्रश्न सुरू होतात, आणि माझी खरी नोकरीही: नाही म्हणणं.

“कॅमेऱ्याचा फोटो जाईल का?” नाही. एका निरोपात सुमारे २०० बाइट बसतात. साधा फोटो त्याच्या हजारपट मोठा.

“पत्र्याच्या शेडच्या आतून बाहेर?” बहुतेक नाही. दार उघडं असेल तर जाईल, मालाचा ट्रक दाराशी लागला की बंद.

मग साहेब मुद्द्यावर येतात. साठ टाक्या आहेत, प्रत्येकीची पातळी दर मिनिटाला हवी, सगळे रेडिओ एकमेकांत जाळं करतील, केबल टाकायचा खर्च वाचेल. मी कागद ओढते. सगळ्यात लांब पल्ल्याच्या, सगळ्यात संथ सेटिंगवर वीस बाइटचा एक निरोप हवेत १.३ सेकंद राहतो. साठ टाक्यांचे झाले ७८ सेकंद. मिनिटात सेकंद साठच. आणि हे एकदा बोलण्याचं गणित झालं. जाळ्यात तोच निरोप वाटेतला प्रत्येक जण पुन्हा बोलतो.

शिवाय रांग लावून बोलायला कोणी सांगितलेलं नसतं. हवाई बेटांवर १९७१ मध्ये अलोहानेट नावाचं रेडिओजाळं सुरू झालं. ज्याला वाटेल त्याने वाटेल तेव्हा बोलावं, टक्कर झाली तर पुन्हा बोलावं, असा त्याचा मामला. त्याचं गणित तेव्हाच मांडलं गेलं: अशा हवेचा जास्तीत जास्त १८ टक्के वेळ कामी येतो, उरलेला टकरींत आणि शांततेत जातो. आमचे रेडिओ बोलण्याआधी कानोसा घेतात, त्यामुळे थोडं बरं चालतं. तरीही टाकीमागे लपलेला दुसरा रेडिओ त्यांना ऐकू येत नाहीच.

“म्हणजे होत नाही?”

होतं, पण जाळ्याने नाही. टाक्या सगळ्या एका आवारात आहेत. मधल्या उंच शेडवर एकच मोठं ग्रहणकेंद्र लावा, प्रत्येक टाकी थेट त्याच्याशी बोलेल. अंतर कमी म्हणून वेगवान सेटिंग चालेल आणि तोच निरोप ५७ मिलिसेकंदांत संपेल. साठ टाक्या मिळून साडेतीन सेकंदही नाहीत. याला लोरावॅन म्हणतात. टाटा कम्युनिकेशन्सने भारतात शहरांसाठी उभारलेलं जाळं याच जातीचं, रेडिओ-रेडिओच्या साखळीचं नाही. जाळं तिथे बांधावं जिथे उंच जागा आपल्या मालकीची नाही आणि मधला एखादा खांब पडला तरी वाट निघायला हवी. आवार तुमचं, शेड तुमची, मग हा खटाटोप कशाला? खरेदीवाले गृहस्थ जरा नाराज दिसतात. साखळीवाल्या पत्रकात ‘मेश’ शब्दाखाली त्यांनी पेनने रेघ मारलेली आहे.

शेवटचा प्रश्न सेफ्टी ऑफिसरचा, तोही उठता उठता. “गॅसगळतीचा अलार्म यावरच टाकला तर?”

हे मी बसूनच सांगते. यात निरोप पोचेल अशी शक्यता असते, हमी नसते. सेल फुगतो, ट्रक आडवा येतो, दोन निरोप हवेत भिडतात आणि पोचपावती यायला काही सेकंद जातात, कधी येतही नाही. टाकी भरल्याचं दहा मिनिटं उशिरा कळलं तर थोडं पाणी सांडेल. गॅसचं तसं नाही. आग आणि गॅस यांना तारच हवी, तीही देखरेखीतली, तुटली तर स्वतःच बोंब मारणारी. ते मान हलवतात. पटलं की नाही, ते दरपत्रकाच्या उत्तरात कळेल.

दुपारी १:००

डबा आणि टेबल. दुपारी बाहेर पडायचं नाही, हे ऊनच ठरवतं.

टेबलावर एका शेतकरी गटाने ऑनलाइन मागवलेले हातातले रेडिओ आहेत. मोबाईलला ब्लूटूथने जोडायचे आणि निरोप टंकायचे. आत मेशटॅस्टिक, २०२० मध्ये सुरू झालेली फुकट आणि खुली प्रणाली. वस्तू छान, पण ९१५ मेगाहर्ट्झच्या. ९०२ ते ९२८ हा अमेरिकेतला मोकळा पट्टा. आपल्याकडे ८९० ते ९१५ मध्ये लोकांचे मोबाईल टॉवरशी बोलतात. तिथे तोंड घालणं म्हणजे गुन्हा. आपला मोकळा पट्टा २००५ च्या नियमाने ८६५ ते ८६७, पुढे २०२१ मध्ये ८६८ पर्यंत वाढलेला. प्रेषकाची शक्ती एक वॅटच्या आत आणि २००५ च्या नियमात लहरीची रुंदी २०० किलोहर्ट्झ. मेशटॅस्टिकची मूळ सेटिंग २५० किलोहर्ट्झ पसरते, म्हणून आम्ही १२५ वर आणतो. थोडं संथ होतं, पण नियमात बसतं आणि लांबही जातं. हे बोर्ड मात्र परत जाणार. अँटेनासकट वेगळे मागवावे लागतील.

गटाच्या अध्यक्षांना निरोप मराठीत हवेत, आणि ते बरोबरच आहे. पण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्राही वेगळे मोजले जातात. ‘टाकी भरली’चे २५ बाइट होतात, तेच रोमन अक्षरांत ११. दोनशे बाइटांत मराठीची साठ-पासष्ट चिन्हं. म्हणून आम्ही तोडगा काढला: हवेतून फक्त आकडा जातो, आणि फोनवर त्या आकड्याचं मराठी वाक्य उमटतं. ७ म्हणजे ‘मोटार बंद पडली’. चार शब्द टंकून बोलायचंच असेल तर बोला, कोणी अडवत नाही.

आणि किल्ली बदला. यंत्र निरोप कुलूपबंद करून पाठवतं हे खरं, पण मूळ चॅनलच्या कुलपाची किल्ली जगजाहीर असते. ती न बदलता ‘आज रात्री बागेत कोणी नाही’ असं लिहिणं म्हणजे चावडीवर पाटी लावणं.

दुपारी ३:४५

संत्र्याची बाग. काकाजी बांधावर वाट बघत उभे. खांब जागेवर आहे, रेडिओ नाही.

“चोरी होईल म्हून मीच काढून मोटारघरात ठेवला. बाहेर कोणी नेला असता त?”

“चांगलं केलं काकाजी, पण पत्र्यातून त्याचा आवाज बाहेर जात नाही. अन् हे पाहा, सेल फुगला.”

पत्र्याच्या खोलीतली जूनची दुपार. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असं उत्पादकच सांगतात, आणि नागपुरात २३ मे २०१३ ला नुसत्या हवेचं तापमान ४७.९ होतं. म्हणून आमचे डबे पांढरे, निंबाच्या सावलीत, पॅनल डब्यापासून हातभर दूर. जिथे जमेल तिथे आता कमी वीज खाणारी चिप घालतो. चार्जिंगच कमी लागलं तर सेल कमी तापतो.

काकाजींचा फोन सांगतो की काल डब्याचं तापमान ६१ होतं. “खरं असन का?” असू शकतं, पण मी लगेच हो म्हणत नाही. मे २०२४ च्या अखेरीस रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर नागपूरची बातमी झाली. मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. रेडिओ आकडा इमानदारीने पोचवतो, खोटाही. मी थर्मामीटर लावून बघते.

काकाजींकडे रेडिओचं खरं काम कुंपणाचं आहे. रानडुकरांसाठी झटका मशीन बसवलंय. तारेवर गवत टेकलं किंवा फांदी पडली की झटका मरतो, आणि ते कळतं सकाळी, पराटी उकरलेली दिसल्यावर. आता तारेचा दाब उतरला की पाच-दहा मिनिटांत फोन वाजतो. रात्रीच्या पाळीची लाइन आली, मोटार उठली की नाही, हेही कळतं. काकाजी म्हणतात, “पहिले रातच्याले दोनदा येत होतो, आता फोन वाजला तरच येतो.” बोरच्या जंगलाकडून या भागात वाघाची ये-जा ऐकू येते. तेव्हा अंधारातली एक फेरी वाचणं हा माझ्या हिशेबात या धंद्याचा सगळ्यात मोठा नफा, आणि तो पत्रकात छापता येत नाही.

सेल बदलून डबा पुन्हा खांबावर, पण जुन्या जागेहून वर. बाजूच्या शेतात तूर पेरली जाणार आहे. आज रान उघडं आहे, कमरेएवढ्या खांबावरूनही टाकी दिसते. दिवाळीच्या सुमारास तूर डोक्यावर जाईल, सकाळच्या दवाने पानं ओली असतील, आणि जूनमध्ये ठणठणीत असलेला रेडिओ कुजबुजू लागेल. काकाजींना हे सांगितलं तर म्हणतात, “मंग तूर कापू का?” दोघंही हसतो. बांबू चार हात वाढवतो.

संध्याकाळी ५:५०

हिंगण्याच्या अंगाने आभाळ काळं होतं. वावटळ, धूळ, आणि मग टपोरे थेंब. परतीच्या वाटेवरच लाइन जाते.

अशा वेळीच जाळ्याची परीक्षा होते. वीज गेली की परिसरातल्या सगळ्या मोटारींचे रेडिओ एकाच क्षणी ‘लाइन गेली’ सांगायला उठतात. सगळे एकदम बोलले तर कोणाचंच पोचत नाही. म्हणून आम्ही मुद्दाम प्रत्येकाला वेगवेगळा उशीर लावून दिलाय, दहा मिनिटांपर्यंतचा. लाइन गेल्याची बातमी म्हणूनच उशिरा येते. नव्या गिऱ्हाइकाला हा बिघाड वाटतो.

पुढे सांगण्यातही शिस्त आहे. निरोप ऐकलेल्या सगळ्यांनी लगेच बोलायचं नसतं. ज्याला तो सगळ्यात क्षीण ऐकू आला, म्हणजे जो बहुधा सगळ्यात लांब आहे, तो आधी बोलतो. जवळच्यांनी त्याचं ऐकलं की ते गप्प बसतात. एका निरोपाला तीन टप्प्यांची मुभा असते, ताणून सात. कोणी तरी हमखास सुचवतं की दर शंभर मीटरवर एक रेडिओ लावू, जाळं मजबूत होईल. होत नाही. हवा तेवढीच, बोलणारी तोंडं वाढतात. हवेचा पाव हिस्सा भरला की मेशटॅस्टिकचे रेडिओ आपली जागा सांगणं आपणहून थांबवतात.

सहा वाजून गेल्यावर एका गावच्या सरपंचताईंचा फोन. मजूर शेतात असतात, वीज पडायच्या आधी भोंगा वाजवता येईल का? भोंगा रेडिओवरून वाजवता येतो, ते सोपं. पण वीज येतेय हे रेडिओला कळत नाही. ते पुण्याच्या आयआयटीएमच्या ‘दामिनी’ ॲपला कळतं आणि ॲपला इंटरनेट लागतं. म्हणजे ग्रामपंचायतीत कोणी तरी दामिनी बघायचं, बटण दाबायचं, मग तीन शिवारांत भोंगा. माणूस मध्ये हवाच, आणि इंटरनेटही. माझ्या गच्चीवरून लोकांच्या फोनपर्यंतचा शेवटचा टप्पा तरी वेगळा कुठे आहे? टॉवरलाही बॅटरी असते, ती संपते. मग ज्यांच्या हातात स्वतःचा रेडिओ आहे तेवढेच ऐकतात. सरपंचताई विचारतात, “म्हणजे अर्धंच काम होतं?” अर्धं होतं, पण भोंगा वाजला नाही तर धोका नाही असं कोणी समजायचं नाही. हे भोंग्याच्या खांबावर रंगवून घ्यायचं, ही माझी अट. त्या कबूल करतात.

रात्री ८:४५

लाइन आली. यादीत सगळे बोलतायत, काकाजींचाही. गोंगाटाच्या खूप वरून, ठणठणीत.

कारखान्याचं दरपत्रक लिहायला घेते. पहिल्या पानावर दर नाहीत, काय होणार नाही ते आहे: फोटो नाही, आवाज नाही, मिनिटामिनिटाची साखळी नाही, आग-गॅस नाही. दुसऱ्या पानावर एक ग्रहणकेंद्र आणि साठ सेन्सर. साखळीच्या पत्रकापेक्षा माझी रक्कम कमी येते आहे, ही खरेदीवाल्यांसाठी अडचण ठरू नये एवढीच आशा.

पाठवून उठते तोच सेफ्टी ऑफिसरचा निरोप: गॅसचा अलार्म फक्त ट्रायल म्हणून, एक महिना, लावता येईल का?

मी लिहिते: नाही. उद्या सकाळी शेडची उंची मोजायला येते. वर जायच्या शिडीची किल्ली कोणाकडे असते, तेवढं कळवा.